अमेरिकेतली ऑस्टिओपॅथिक कॉलेजं राज्याराज्यांत शाखा का उघडतात?

सायली_क

अमेरिकेतल्या डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी देणाऱ्या, कॉलेजांची यादी बघताना एक गोष्ट सारखी समोर येते. कॉलेज एक, पण गावं तीन-चार, आणि तीही वेगवेगळ्या राज्यांत. लेकॉम मूळचं पेनसिल्व्हेनियातल्या ईरीचं, पण २००४ पासून ते फ्लोरिडात ब्रेडंटनला आहे आणि २०२० पासून न्यूयॉर्क राज्यात एल्मायरालाही. पीकॉम फिलाडेल्फियाचं, तरी जॉर्जियात त्याच्या दोन जागा. व्हीकॉम व्हर्जिनियात सुरू झालं आणि आता साउथ कॅरोलायना, अलाबामा, लुइझियाना या तिन्ही राज्यांत आहे. न्यूयॉर्कचं एनवायआयटी तर थेट आर्कान्सात.

विद्यार्थीच वाढवायचे असतील तर आहे त्या ठिकाणी वर्ग मोठा का करत नाहीत? किंवा सरळ नव्या नावाचं स्वतंत्र कॉलेज का काढत नाहीत? हे सगळं फीच्या उत्पन्नासाठी चालतं असं बरेच जण म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि शाखेत प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात मूळ ठिकाणापेक्षा काही कमी पडतं का? माहितगारांनी तपशिलात लिहावं.

अनिरुद्ध_जी

वर्ग मोठा का करत नाहीत, यातच बाकीच्या प्रश्नांचं निम्मं उत्तर आहे.

पहिली दोन वर्षं व्याख्यानं, शरीररचना, हातांनी करायच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांचा सराव. इमारत वाढवली, टेबलं वाढवली की इथे जागा होते. दोघा विद्यार्थ्यांमागे एक टेबल लागतं, म्हणजे १५० जणांना एकदम बसवायचं तर ७५ टेबलं, नाहीतर तुकड्या पाडायच्या. हा पैशांनी सुटणारा प्रश्न आहे. न सुटणारा प्रश्न तिसऱ्या वर्षी येतो, कारण तेव्हा विद्यार्थी रुग्णालयांत पाठवायचे असतात आणि बहुतेक डीओ कॉलेजांकडे स्वतःचं रुग्णालय नसतं. एके काळी देशभर ऑस्टिओपॅथिक रुग्णालयं होती. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत त्यांतली बरीच बंद पडली किंवा मोठ्या साखळ्यांत विलीन झाली. तेव्हापासून ही कॉलेजं आजूबाजूच्या सामुदायिक रुग्णालयांशी आणि दवाखान्यांशी करार करून विद्यार्थी शिकवतात.

आता हिशेब मांडू. वर्ग १५० चा. तिसरं वर्ष चार-चार आठवड्यांच्या १२ रोटेशनांचं, म्हणजे एकेका विभागात काम करत शिकण्याच्या पाळ्यांचं, धरलं, तर एका वर्षात १,८०० रोटेशन-जागा हव्यात. एक प्रिसेप्टर, म्हणजे स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून शिकवणारा डॉक्टर, एका वेळी एकच विद्यार्थी घेतो आणि वर्षातून आठ महिने घेतो असं समजलं, तर २२५ प्रिसेप्टर झाले. हे फक्त तिसऱ्या वर्षाचे.

अंतर्गत औषधशास्त्र आणि फॅमिली मेडिसिन यांच्या जागा तरी मिळतात. अडतं ते प्रसूतिशास्त्र आणि बालरोग या दोन ठिकाणी. १५० विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक प्रसूतीचं रोटेशन द्यायचं, तर वर्षाच्या कोणत्याही दिवशी १२-१३ विद्यार्थी प्रसूतिविभागात उभे असणार. वर्षाला ३०० बाळंतपणं होणाऱ्या छोट्या रुग्णालयात दिवसाला सरासरी एकही बाळंतपण होत नाही. तिथे दोन विद्यार्थी ठेवले तर दोघांच्याही वाट्याला काही येत नाही. म्हणजे अशी डझनभर रुग्णालयं लागतील, आणि ग्रामीण भागातले प्रसूतिविभाग तर गेली कित्येक वर्षं बंद होत चालले आहेत.

कॉलेजने किती विद्यार्थी घ्यायचे हे मान्यता देणारा आयोग, कोका, ठरवून देतो. संख्या वाढवायला परवानगी मागितली की पहिला प्रश्न असतो, या वाढीव विद्यार्थ्यांची रोटेशनं कुठे आहेत ते दाखवा. ईरीच्या आसपासची रुग्णालयं भरली की त्याच गावात वर्ग वाढवता येत नाही. फ्लोरिडात मात्र रुग्णालयांचा वेगळा संच मिळतो. शाखेचं खरं कारण तिसऱ्या वर्षाच्या या जागा आहेत, वर्गखोल्या नव्हेत.

रेवती.डी

अनिरुद्ध यांनी रुग्णालयांची बाजू नेमकी मांडली आहे. ‘स्वतंत्र कॉलेज का नाही’ याबद्दल मी लिहिते, कारण तो मान्यतेच्या नियमांचा भाग आहे.

नव्या कॉलेजला आयोगाकडे टप्प्याटप्प्याने जावं लागतं. आधी अर्जदार, मग उमेदवार, मग पूर्व-मान्यता. पूर्व-मान्यता मिळेपर्यंत विद्यार्थी घेता येत नाहीत. पूर्ण मान्यता पहिली तुकडी पदवीच्या टप्प्यावर येते तेव्हाच. मधल्या चार वर्षांत काही बिनसलं तर विद्यार्थी अडकू नयेत म्हणून राखीव निधी बाजूला ठेवावा लागतो. त्याशिवाय डीन, सगळे विभाग, अभ्यासक्रम, परीक्षांची प्रश्नपेढी, संस्था म्हणून वेगळी मान्यता आणि केंद्र सरकारच्या विद्यार्थी कर्जांसाठीची पात्रता, हे सगळं शून्यापासून. नफ्यावर चालणारी संस्था असेल तर केंद्रीय कर्जांसाठी पात्र होण्याआधी तिला दोन वर्षं चालून दाखवावं लागतं.

आधीच मान्यता असलेल्या कॉलेजने दुसरी जागा काढली तर हा ‘मोठा बदल’ म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो. पाहणी होते, पैसा, प्राध्यापक आणि रोटेशनं यांचे कागद तपासले जातात, आणि त्या राज्याच्या उच्चशिक्षण खात्याची वेगळी परवानगी लागते. पण एकदा मंजुरी मिळाली की मूळ कॉलेजची मान्यता त्या जागेलाही लागू होते आणि पहिल्या तुकडीच्या पदवीवर प्रश्नचिन्ह राहत नाही. नव्या नावाच्या कॉलेजला अर्जदार मिळवताना हीच गोष्ट सगळ्यात जड जाते.

आपण सगळ्यांनाच शाखा म्हणतो, पण केंद्राच्या नियमांत दोन वेगळे प्रकार आहेत. ‘ब्रँच कॅम्पस’ म्हटलं की त्या जागेला स्वतःचे प्राध्यापक, स्वतःचं प्रशासन आणि अंदाजपत्रक व नेमणुका यांचे स्वतःचे अधिकार हवेत. ‘अतिरिक्त ठिकाण’ म्हटलं की हे अधिकार मूळ कॉलेजकडे राहू शकतात. बहुतेक डीओ कॉलेजांच्या शाखा दुसऱ्या प्रकारात मोडतात. व्यवहारात याचा अर्थ असा की तिथला प्रमुख हा मूळ डीनच्या हाताखाली असतो आणि एखादा प्राध्यापक नेमायचा तरी निर्णय शेकडो मैलांवर होतो. शाखेत कामं रखडतात त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

मिलिंद_७१

एक दुरुस्ती. एमडी, म्हणजे अमेरिकेतली नेहमीची डॉक्टरकीची पदवी देणारी कॉलेजंही हे करतात. इंडियाना विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलचे राज्यभर नऊ कॅम्पस आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाचा वामी कार्यक्रम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून अलास्का, माँटाना आणि आयडाहोसाठी, आणि १९९६ पासून वायोमिंगसाठीही डॉक्टर तयार करतो. क्रेटन ओमाहाचं, पण २०२१ पासून फीनिक्सलाही आहे. फरक इतकाच की एमडींचे कॅम्पस बहुधा आपल्या राज्यात किंवा राज्यांनी एकमेकांशी केलेल्या करारातून असतात. खासगी डीओ कॉलेजांवर अशी राज्याची सीमा नसते. सरकारी डीओ कॉलेजं मात्र राज्यातच पसरतात. मिशिगन स्टेटने डेट्रॉइट आणि मॅकोम काउंटी निवडली, ओहायो विद्यापीठाने डब्लिन आणि क्लीव्हलँड.

दुसरी_बाजू

रोटेशनं, मान्यता हे सगळं बरोबर आहे, पण पैशाला इतकं मागे ढकलू नका. सायलींनी थेट विचारलंय, तर थेट आकडे मांडतो.

खासगी डीओ कॉलेजांची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला ५० ते ६५ हजार डॉलरच्या दरम्यान आहे. शाखेत वर्षाला १०० विद्यार्थी आणि फी ६० हजार धरली, तर पहिल्या वर्षी ६० लाख डॉलर येतात. चारही वर्षं भरली की २ कोटी ४० लाख. अभ्यासक्रम आधीच तयार आहे, प्रश्नपेढी तयार आहे, प्रवेशविभाग, हिशेबविभाग, कर्जविभाग मूळ ठिकाणी आहेत. बरीच व्याख्यानं पडद्यावरून येतात. संशोधनाचे मोठे अनुदान आणि रुग्णालयाचं उत्पन्न हे मोठ्या एमडी विद्यापीठांचे आधार आहेत. खासगी डीओ कॉलेजांकडे ते जवळपास नसतात, फीवरच संस्था चालते. अशा संस्थेला वाढायचं तर विद्यार्थी वाढवणं हाच मार्ग उरतो. हे नाकारून काही साधत नाही.

पण शाखा काढली की लगेच पैसा वाहू लागतो हेही खरं नाही. पहिल्या वर्षी एका वर्गाची फी येते आणि पहिल्या दोन वर्षांचे प्राध्यापक मात्र आधीपासून पगारावर लागतात. शरीररचना शिकवणारे आणि ऑस्टिओपॅथिक हस्तोपचार शिकवणारे डॉक्टर या दोघांची देशभर टंचाई आहे. छोट्या गावात ते मिळवायला जास्त पगार द्यावा लागतो. शाखा तिसऱ्या वर्षापर्यंत बहुधा तोट्यात असते.

हा सुरुवातीचा भार स्थानिक लोक उचलतात, म्हणून शाखा कुठे उघडते ते पाहण्यासारखं आहे. ओरेगनमध्ये लेबननला सॅमॅरिटन हेल्थ सर्व्हिसेस या रुग्णालय-साखळीने पुढाकार घेतला आणि कॅलिफोर्नियात पोमोनाचं वेस्टर्न यू हे विद्यापीठ २०११ मध्ये तिथे गेलं. ओहायोत ऑस्टिओपॅथिक हेरिटेज फाउंडेशन्सनी २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर दिले, त्यातून डब्लिन आणि क्लीव्हलँड उभी राहिली. मिसूरीत जॉप्लिनला मे २०११ च्या चक्रीवादळाने रुग्णालय उद्ध्वस्त केलं. त्यानंतर मर्सी या रुग्णालय-साखळीने जिथे तात्पुरतं रुग्णालय चालवलं, त्याच जागी २०१७ मध्ये केसीयूची (कॅन्सस सिटी विद्यापीठाची) शाखा सुरू झाली. ओक्लाहोमात टॅलेक्वाला चेरोकी नेशन या मूळनिवासी जमातीने स्वतः ४ कोटी डॉलरची इमारत उभारली. ओक्लाहोमा स्टेटची ती शाखा २०२० मध्ये सुरू झाली, वर्गात ५० विद्यार्थी, आणि देशातली जमातीशी जोडलेली ती पहिली मेडिकल स्कूल आहे.

या गावांना, रुग्णालयांना काय हवं असतं? डॉक्टर. जाहिरात देऊन डॉक्टर येत नाहीत म्हणून ते स्वतःच्या दारात तयार करायला निघाले आहेत. मला हे प्रयत्न मनापासून पटतात, पण ते यशस्वी होण्याची एक कडक अट आहे आणि ती बऱ्याचदा पूर्ण होत नाही. ती अट रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची. त्याबद्दल कोणी सविस्तर लिहील तर बरं.

अनिरुद्ध_जी

लिहितो, कारण तिथेच सगळं अडतं.

डॉक्टर शेवटी कुठे स्थिरावतो हे मेडिकल कॉलेजपेक्षा रेसिडेन्सीच्या जागेवर जास्त ठरतं. रेसिडेन्सी जिथे केली त्याच राज्यात निम्म्याहून अधिक डॉक्टर राहतात. शाखेतून पदवी घेऊन विद्यार्थी रेसिडेन्सीसाठी तीन राज्यं ओलांडून गेला, तर गावाने पैसा घातला आणि डॉक्टर दुसऱ्यांना मिळाला.

रेसिडेन्सीचा मोठा खर्च मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठी असलेला केंद्राचा आरोग्यविमा, उचलतं. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट अॅक्टने प्रत्येक रुग्णालयाच्या जागांवर मर्यादा घातली, आणि ती साधारण १९९६ च्या संख्येवर गोठली. त्यामुळे जुन्या शिक्षण-रुग्णालयाने नव्या जागा काढल्या तर मेडिकेअरकडून त्यांचे पैसे मिळत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या कायद्याने देशभर मिळून १,००० जागा वाढवल्या, त्याही वर्षाला जास्तीत जास्त २०० या गतीने.

पण ज्या रुग्णालयाने कधीच रेसिडेंट घेतले नाहीत त्याला ही जुनी मर्यादा लागू नाही. पहिला नवा कार्यक्रम सुरू झाला की पाच वर्षांची मुदत मिळते आणि त्या मुदतीत उभ्या राहिलेल्या जागांवर त्या रुग्णालयाची मर्यादा ठरते. डीओ शाखा मोठी शहरं सोडून मध्यम गावांत का जातात, याचं हे फारसं न बोललं जाणारं कारण आहे. तिथली रुग्णालयं ‘कोरी’ असतात. कॉलेज आणि रुग्णालय मिळून रेसिडेन्सी उभारू शकतात, आणि तिचे पैसे मेडिकेअरकडून येतात.

यात चुका कशा होतात ते सांगतो. रुग्णालय घाईने एकच फॅमिली मेडिसिनचा छोटा कार्यक्रम सुरू करतं आणि पाच वर्षांचं घड्याळ चालू होतं. अंतर्गत औषधशास्त्र किंवा सर्जरीचे कार्यक्रम उभे करेपर्यंत मुदत संपते आणि मर्यादा कायमची छोटी बसते. ग्रामीण वर्गवारीतल्या रुग्णालयांना नव्या कार्यक्रमासाठी मर्यादा पुन्हा वाढवून मिळते, शहरी वर्गवारीतल्यांना नाही. दुसरी चूक म्हणजे दुसऱ्याच्या कार्यक्रमातले एक-दोन रेसिडेंट थोड्या दिवसांसाठी घेणं. त्यावरूनही पूर्वी रुग्णालयाला मेडिकेअरकडून दर रेसिडेंटमागे मिळणारी रक्कम अगदी कमी ठरून बसायची. २०२० च्या त्याच कायद्याने अशा काही रुग्णालयांना सुधारणेची संधी दिली.

वेळेचंही गणित पाहा. पहिला वर्ग आत आल्यापासून पदवीला चार वर्षं, फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षं. त्या गावाला पहिला डॉक्टर सातव्या वर्षी मिळतो, तयारीची वर्षं वेगळीच. म्हणून रेसिडेन्सीची उभारणी शाखेच्या पहिल्या वर्गासोबतच सुरू व्हायला हवी. पहिली तुकडी बाहेर पडल्यावर विचार सुरू केला तर त्या तुकडीला त्याचा काहीच उपयोग नाही.

सायली_क

खूपच उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. आता विद्यार्थ्याच्या बाजूने. शाखेत जायचं ठरवताना नेमकं काय विचारावं? आणि डीओ असल्यामुळे मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, अडचण येते का?

रेवती.डी

मॅचपासून सुरुवात करते. डीओ आणि एमडी रेसिडेन्सींच्या मान्यता २०२० च्या जूनअखेरीस एकत्र झाल्या, आता दोघे एकाच मॅचमध्ये उतरतात. २०२४ च्या मॅचमध्ये डीओ वरिष्ठ विद्यार्थ्यांपैकी ९२.३ टक्क्यांना जागा मिळाली, अमेरिकी एमडी वरिष्ठांपैकी ९३.५ टक्क्यांना. एकूण फरक थोडा आहे. त्वचारोग, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी अशा विषयांत मात्र तो बराच वाढतो, हे ध्यानात ठेवूनच निवड करावी.

पदवीवर नाव कॉलेजचंच येतं, अर्जही त्याच केंद्रीय व्यवस्थेतून जातो. काही कॉलेजं एकाच अर्जात ठिकाणांचा पसंतीक्रम मागतात, काही प्रत्येक जागेचा अर्ज वेगळा मोजतात. पसंतीक्रम देताना विचार करून द्या, कारण एकदा जागा मिळाल्यावर ठिकाण बदलून मिळणं फार अवघड असतं.

कॉलेजांना कॉमलेक्स या डीओंच्या परवाना परीक्षेचे निकाल आणि रेसिडेन्सी मिळाल्याचं प्रमाण जाहीर करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते सगळ्या जागांचे मिळून दिलेले असतात. तुम्ही ठिकाणानुसार वेगळे मागा. ‘प्लेसमेंट ९९ टक्के’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यात मॅचनंतर उरलेल्या जागांवर गेलेले आणि फक्त एका वर्षाची जागा मिळालेले किती, हे विचारा. एका वर्षाची प्रिलिमिनरी जागा मिळालेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी पुन्हा शोध करावा लागतो, आणि यादीत मात्र तो ‘मिळाली’ या रकान्यात असतो.

एकच कॉलेज असलं तरी शिकवण्याची पद्धत ठिकाणागणिक बदलते हेही पाहा. लेकॉमच्या ब्रेडंटन आणि सीटन हिल (पेनसिल्व्हेनियातलीच त्याची दुसरी जागा) इथे समस्या-आधारित पद्धत आहे, म्हणजे छोट्या गटात केस सोडवत शिकायचं, व्याख्यानं अगदी थोडी. ईरीला व्याख्यानांचा मार्गही आहे. ज्याला समोर शिकवणारा लागतो, त्याने नुसतं हवामान बघून ब्रेडंटन निवडलं तर पहिल्या सत्रातच जड जातं.

दुसरी_बाजू

रेवतींच्या यादीत थोडी भर. पडद्यावरून व्याख्यानं येणार असतील तर प्रश्न विचारायची सोय दोन्ही बाजूंनी आहे का, आणि त्या विषयाचा एक तरी प्राध्यापक शाखेत प्रत्यक्ष बसतो का, हे विचारावं. दोन जागा वेगवेगळ्या कालविभागांत असतील, जसं न्यूयॉर्क आणि आर्कान्सात एक तासाचा फरक आहे, तर परीक्षा एकाच क्षणी सुरू करावी लागते, नाहीतर प्रश्न फुटतात. त्यामुळे एका ठिकाणचं वेळापत्रक दुसऱ्याच्या सोयीने बसवलेलं असतं. शवविच्छेदन विद्यार्थी स्वतः करतात, की आधी उलगडून ठेवलेले नमुने दाखवले जातात, की फक्त पडद्यावर शिकवलं जातं, हेही जागेनुसार वेगळं असतं.

आणि २०२६ पासूनची कर्जाची गोष्ट विसरू नका. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं केंद्रीय कर्ज बंद केलं. व्यावसायिक पदवीसाठी केंद्रीय कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा आली. वर्षाला ६० हजार फी आणि त्यावर राहण्याचा खर्च धरला तर मोठी तफावत खासगी कर्जाने भरावी लागेल. फीवर चालणाऱ्या संस्थांच्या नव्या शाखांच्या बेतांवरही याचा ताण येणार.

अनिरुद्ध_जी

तिसऱ्या वर्षाबद्दल चार प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तर ठिकाणांच्या नावांसह मागा. ‘आमचं मोठं जाळं आहे’ या उत्तराचा उपयोग नाही.

सहाही मूळ रोटेशनं (सगळ्यांना कराव्या लागणाऱ्या मुख्य विषयांची) एकाच गावात होतात की दर महिन्याला घर बदलावं लागतं? लांब गेल्यास राहण्याचा खर्च कोण देतं? प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार या तिघांसाठी करार झालेली रुग्णालयं कोणती, आणि त्याच रुग्णालयात आणखी किती कॉलेजांचे विद्यार्थी येतात? एखादा प्रिसेप्टर ऐन वेळी मागे हटला तर पर्यायी जागा शोधायची जबाबदारी कॉलेजची की विद्यार्थ्याची? हा शेवटचा प्रश्न टाळू नका. प्रिसेप्टर बहुतेक वेळा स्वेच्छेने किंवा नाममात्र मानधनावर शिकवतात, ते कधीही थांबू शकतात. शिवाय रुग्णालयांच्या जागांसाठी पैसे मोजणारेही आहेत. २००८ मध्ये कॅरिबियनमधल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठाने न्यूयॉर्क शहराच्या सरकारी रुग्णालयांशी दहा वर्षांसाठी सुमारे १० कोटी डॉलरचा करार केला होता. नव्या शाखेचे करार किती वर्षांचे आहेत आणि ते मोडायला किती दिवसांची सूचना पुरते, हे म्हणूनच महत्त्वाचं.

रुग्णालयात रेसिडेंट आहेत का हेही बघा. रेसिडेंट असतील तर विद्यार्थ्याला टीममध्ये राउंड घेणं, केस मांडणं, रात्रपाळी हे सगळं शिकायला मिळतं आणि शिफारसपत्र देणारे डॉक्टर भेटतात. नुसत्या बाह्यरुग्ण दवाखान्यात डॉक्टरच्या मागे उभं राहून वर्ष गेलं, तर चौथ्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी ऑडिशन रोटेशनला, म्हणजे जिथे रेसिडेन्सी हवी तिथे स्वतःला दाखवायला, गेल्यावर उणीव लगेच दिसते.

शाखा अगदी नवी असेल आणि एकही तुकडी अजून बाहेर पडलेली नसेल, तर मूळ ठिकाणचे निकाल दाखवून तुमचं समाधान केलं जाईल. ते निकाल अभ्यासक्रमाबद्दल थोडंफार सांगतात, शाखेच्या रुग्णालयांबद्दल काहीच नाही. तिथे सध्या तिसऱ्या वर्षात असलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी कॉलेजच्या मध्यस्थीशिवाय बोला आणि त्यांना विचारा, पुढच्या महिन्याचं रोटेशन कुठे आहे ते आज माहीत आहे का.